पेन विचारलं, गुडघा दाखवला

या वेळचं पत्र, थोडं कापून:

"मॅडम, मी मूळची सांगलीची. चार वर्षांपासून इंग्लंडात, लीड्सला असते. औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. शाळा मराठी माध्यमाची, तरी इंग्रजी वाचायला-लिहायला कधी अडलं नाही. अडतंय ते बोलताना. मागच्या महिन्यात एका आजोबांना विचारलं, घरी पेन शिल्लक आहे का? म्हणजे इन्सुलिनचं. त्यांनी गुडघा पुढे केला आणि तो रात्री किती ठणकतो ते सांगायला लागले! मागची रांग हसली. त्याआधी एका बाईंना 'पिल' रोज घ्या म्हटलं, तर त्यांना वाटलं मी कसली तरी साल खायला सांगतेय.

म्हणून एक ऑनलाइन उच्चारवर्ग लावला. पैसे बरेच गेले. ते म्हणतात तुमचे ए आणि ओ चपटे आहेत. 'नो' नाही 'नअऊ' म्हणा, 'डे' नाही 'डेइ' म्हणा. दोन आठवडे घोकलं आणि कामावर तसं बोलून पाहिलं, तर सोबतची मुलगी म्हणाली, आज राणीसाहेब ड्युटीवर आल्यात वाटतं. गंमत म्हणजे तिचा स्वतःचा 'नो' मला थेट सांगलीचा वाटतो. जाऊबाई टेक्सासला असतात. त्या म्हणतात ब्रिटिश कशाला शिकतेस, जग अमेरिकन बोलतं. आणि सगळ्यांत लागलं ते लेकीचं. सात वर्षांची आहे. मी 'बस' म्हटलं की म्हणते 'बुस' म्हण. 'मम' नाही, 'मुम'. शाळेच्या फाटकापाशी मी दुसऱ्या आयांशी बोलायला लागले की हात ओढते. खरा उच्चार नक्की कोणाचा धरायचा? वर्ग चालू ठेवू का? आणि लेकीचं 'बुस' आत्ताच सुधारायला हवं का? — एक सांगलीकर"

सांगलीकर ताई,

गुडघ्याचा किस्सा वाचून आधी हसू आलं, मग त्या रांगेचा राग आला. औषध देताना शब्द भलताच ऐकला जाणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही; तुम्हाला ते टोचलं हे बरोबरच. पण टोचलं म्हणून जो वैद्य गाठलात, तो दुखत्या पायाऐवजी धडधाकट पायाला लेप लावतोय.

आधी पैशांचं सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. वर्ग बंद करा. उरलेले पैसे परत मिळत असतील तर जरूर मागा. तुमच्या 'पेन'मध्ये आणि 'पिल'मध्ये खरोखरच काहीतरी अडतंय, त्यावर येतेच. पण 'नो' आणि 'डे'ला हात लावू नका. ते सांगलीहून जसे नेलेत तसेच ठेवा.

का, ते कळायला एक मिनिट आरशासमोर उभ्या राहा. गल्लीच्या टोकाला असलेल्या मैत्रिणीला मारतो तशी 'एऽऽ' अशी हाक मारा. जीभ, ओठ, जबडा सुरुवातीला जिथे होते तिथेच शेवटपर्यंत राहतात. आता 'ऐका' म्हणा, पण 'ऐ' ताणून. तोंड 'अ'पाशी निघतं आणि 'इ'पाशी पोचतं. मध्ये प्रवास घडतो. पहिल्याला साधा स्वर म्हणू, इंग्रजी अभ्यासक त्याला मोनॉफ्थाँग म्हणतात. दुसरा जोडस्वर, डिप्थाँग. व्याकरणाच्या तासाला आपण ए, ऐ, ओ, औ हे चारही संयुक्त स्वर म्हणून पाठ केले, कारण संस्कृत संधीत अ आणि इ मिळून ए होतो. संधीपुरतं ते खरंच आहे. पण आजच्या मराठी तोंडात ए आणि ओ एकसंध आहेत. जोडलेले उरलेत ते ऐ आणि औ. पुस्तक एक सांगत असेल आणि कान दुसरंच, तर मी कानाच्या बाजूने.

लंडन आणि त्याच्या भोवतीच्या दक्षिण इंग्लंडात 'डे' आणि 'नो' यांतले स्वर जोडस्वर आहेत. वर्गवाले तेच शिकवताहेत, आणि शिकवताना जगात दुसरं इंग्रजीच नाही असा आव आणताहेत. प्रत्यक्षात नकाशावर वर सरकायला लागलं, यॉर्कशर, लँकाशर, न्यूकॅसल, की हेच स्वर एकसंध ऐकू यायला लागतात. स्कॉटलंडमध्ये तर सर्रास. वेल्स आणि आयर्लंडच्या काही भागांत, कॅरिबियन बेटांवर, अमेरिकेत मिनेसोटाच्या बाजूला. मिनेसोटाचा जुना माणूस स्वतःच्या राज्याचं नाव घेतो त्यातला 'सो' आपल्या सोलापुरात सहज खपून जाईल. आणि लीड्स यॉर्कशरमध्येच आहे ना! सोबतच्या मुलीचा 'नो' तुम्हाला सांगलीचा वाटला हा भास नव्हता. तिथल्या तरुणांत हा ओ आता जरा जिभेच्या पुढच्या अंगाला सरकतोय, पण तो एकसंध आहे, 'नअऊ' नाही. म्हणजे तुम्ही पैसे मोजून शेजारणीचा उच्चार सोडत होतात आणि दोनशे मैल दूरचा उचलत होतात. राणीसाहेब म्हणाली ती उगाच नाही.

बरं, तो दूरचा उच्चार तरी सनातन आहे का? लंडनमध्येही हे दोन्ही स्वर एके काळी साधेच होते. साधारण १८०० च्या आसपास ते तिथे जोडस्वर झाले. 'नो'ची सुरुवात तेव्हा 'ओ'पासून व्हायची, ती 'अ'कडे सरकली विसाव्या शतकात. वर्गवाले ज्याला 'शुद्ध' म्हणतात ती अशी थरावर थर चढत आलेली फॅशन आहे.

इथे एक तर्क हटकून कानावर येतो की आपल्याकडचे हे सपाट ए-ओ स्कॉटिश गुरुजींची देणगी आहेत. मुंबईत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत स्कॉटिश मंडळी खरोखरच बरीच होती. १८१९ ते १८२७ गव्हर्नर असलेले एल्फिन्स्टन स्कॉटिश. १८२९ मध्ये मुंबईत आलेले, चौपाटीसमोरच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सनही स्कॉटिश. तर्क गोड आहे, मला पटत नाही. ज्याच्या परसात विहीर आहे तो शेजाऱ्याकडे पाणी मागायला कशाला जाईल? आपले ए आणि ओ आपलेच आहेत, योगायोगाने त्यांच्यासारखे.

स्कॉटिश स्वरांनी मला मात्र एकदा चांगलंच फसवलंय. शिकायला एडिंबरात होते तेव्हा वसतिगृहाचं जड दार मी जीव खाऊन ढकलत होते. मागून एक बाई म्हणाल्या, "पूल इट." मी आजूबाजूला पोहण्याचा तलाव शोधला. त्या म्हणत होत्या 'ओढ'. तिकडे 'ओढणे' आणि 'तलाव' या दोन शब्दांचा स्वर एकच, 'भरलेला' आणि 'मूर्ख' या दोहोंचाही एकच. तो धड आपला 'उ'ही नाही. ओठ गोल करून जीभ पुढे आणली की निघतो तसा काहीतरी. आणि इतक्या शब्दांची गल्लत होऊनही त्या देशात डॉक्टर, वकील, पंतप्रधान होतात. कोणी त्यांना उच्चारवर्गाला घालत नाही.

राणीसाहेबांवरून आठवलं. एलिझाबेथ राणीची नाताळची भाषणं दरवर्षी प्रसारित व्हायची, त्यामुळे एकाच व्यक्तीचा आवाज तीस-चाळीस वर्षं ध्वनिमुद्रित झालेला मिळाला. हॅरिंग्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकातली भाषणं आणि १९८० च्या दशकातली भाषणं यांतले स्वर मोजले आणि २००० साली निष्कर्ष छापले. राणीचे स्वतःचे स्वर त्या काळात सरकले होते, आणि सरकले होते ते तिच्या प्रजेच्या दिशेने, दक्षिणेतल्या सर्वसाधारण बोलीकडे. पूर्ण पोचले नव्हते, पण निघाले होते. मग 'क्वीन्स इंग्लिश' म्हणजे राणीचं नक्की कोणत्या वर्षीचं इंग्रजी?

जोडस्वरांचंही तसंच. पाठ्यपुस्तकी ब्रिटिश इंग्रजीत १२ साधे स्वर आणि ८ जोडस्वर असा हिशेब वर्षानुवर्षं शिकवला गेला. तुमच्या वर्गातही तोच तक्ता असणार. त्या आठांतले काही आता दक्षिणेतल्या तरुण तोंडात जोडलेले राहिलेलेच नाहीत. केसांना म्हणतात तो 'हेअर' आता नुसताच लांब, उघडा 'हेऽ' होतो, आणि 'शुअर'चा पुष्कळांच्या तोंडी 'शॉऽ' झालाय. तुम्ही तक्ता पाठ करेपर्यंत लंडनवाले स्वर सपाट करून मोकळे.

आता तुमचं 'पेन'. इथे मात्र मी तुमची बाजू घेणार नाही.

मराठीत ए एकच. म्हणून दिवाळीचा सेल आणि टॉर्चचा सेल आपण एकच लिहितो आणि एकच बोलतो. ओलं आणि थांबणं, दोन्ही 'वेट'. बंगल्याचं गेट आणि 'गेट आउट'मधलं गेट, तेही एक. संदर्भाने आपलं भागतं, त्यामुळे इथे दोन वेगळे स्वर होते हे आपल्याला जाणवतच नाही. लिहिण्याचं पेन आणि पेनकिलरमधलं पेन हे त्याच रांगेतलं जोडपं. आता गंमत बघा. लंडनमध्ये दुखण्याचा 'पेइन' जोडस्वर आहे. तुम्ही तिथे आपल्या ए-ने पेन मागितलं असतं तर तुमच्या बोलण्यात ती 'इ'ची शेपटी नाही हे ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं असतं, निदान तो घुटमळला असता. लीड्समध्ये दुखण्याचा स्वर हुबेहूब आपला ए आहे. तुमचा ए चुकीचा नव्हता. उलट इतका बिनचूक होता की आजोबांनी क्षणात ओळखला, फक्त तो दुसऱ्या शब्दाचा होता. त्या गावात त्या ए-वर दुखण्याने आधीच रुमाल टाकून ठेवलाय. अशा वेळी 'ए चपटा आहे, त्याला वळण द्या' असा सल्ला देणाऱ्याने रोग पाहिलाच नाही.

तुम्हाला हवा आहे तो एक नवा, आखूड, उघडा ए. 'पेन' म्हणा, मग 'पॅन' म्हणा, आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे जबडा हळूहळू खाली सोडत जा. अर्ध्या वाटेवर थांबा. तो लिहिण्याच्या पेनचा स्वर. झटकन म्हणा, रेंगाळू नका. 'पॅन'पर्यंत घसरायची भीती बाळगू नका, कारण लीड्सवाल्यांचा ॲ आपल्या ॲ-पेक्षाही खाली, जवळपास आखूड 'आ'कडे झुकलेला असतो. त्यांची मांजर 'कॅट' आणि 'काट' यांच्या मध्ये कुठेतरी बसते. त्यामुळे मधली जागा मोकळीच आहे, खुशाल वापरा. ओळखीत कोणी गोव्याची कोकणी बोलणारी असेल तर तिला हे दोन ए म्हणून दाखवायला सांगा; तिच्या भाषेत मिटलेला ए आणि उघडा ए असा भेद मुळातच आहे, ओ-चाही आहे. तिला तुमचा प्रश्न कळायलाच वेळ लागेल.

आणि नवा स्वर शिकणं आपल्याला जमत नाही असं तर मुळीच म्हणू नका. 'बॅट'मधला ॲ आपण असाच कमावलाय. जुन्या छापील मराठीत 'ब्यांक' आणि 'म्याच' दिसतात. कान ऐकत होता, लिपीत सोय नव्हती. पुढे चंद्र आला, रुळला, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत रीतसर बसलेसुद्धा. त्या दोघांना जागा दिलीत, आता अजून एकाला द्या.

'पिल'चं दुखणं वेगळं आहे आणि त्याला शाळेतली ऱ्हस्व-दीर्घाची सवय कारण आहे. आपल्याला वाटतं की गोळी म्हणजे ऱ्हस्व 'पिल' आणि साल काढणं म्हणजे दीर्घ 'पील'. मग आपण तीच 'ई' एकदा आखूड आणि एकदा लांब म्हणतो. मराठीत हे चालून जातं, कारण बोलताना आपण इ-ई लांबीने फारसे वेगळे ठेवतच नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा छळ मुख्यतः शुद्धलेखनातला. इंग्रजीत ह्या दोन शब्दांत जिभेची जागा वेगळी असते. गोळीचा 'इ' खाली आणि आत, 'ए'च्या दिशेने ढळलेला. लांबी तर उलट दगाही देते: इंग्रजीत ट, प, क यांच्या आधी स्वर आखडतो आणि ड, ब, ग यांच्या आधी ताणतो, त्यामुळे 'बीट'मधली दीर्घ ई आणि 'बिड'मधली ऱ्हस्व इ घड्याळ लावून मोजली तर जवळपास सारखीच भरतात. तेव्हा 'पिल' म्हणताना ते आखूड करायच्या नादी लागू नका. जीभ सैल सोडा, 'पेल' म्हणायला निघालात आणि वाटेत विचार बदललात असं म्हणा. साल आणि गोळी वेगळी होईल.

एवढेच दोन. बाकी सोडून द्या. खाट म्हणजे 'कॉट' आणि 'पकडलं' म्हणजेही 'कॉट', या दोन इंग्रजी शब्दांना आपण एकच ऑ लावतो? स्कॉटलंड, कॅनडा आणि अमेरिकेचा पश्चिम भागही एकच लावतो. र स्पष्ट उच्चारता? आयरिश, स्कॉटिश, बहुतेक अमेरिकन उच्चारतात. 'बाथ' लांब की आखूड यावरून उत्तर आणि दक्षिण इंग्लंडची भांडणं चालू आहेत, त्यात आपण पडू नये.

काउंटरसाठी एक व्यवहारी गोष्ट. नुसतं 'पेन' कधीच म्हणू नका, 'इन्सुलिन पेन' असं जोडीने म्हणा. आणि थेट कामाचं विचारण्याआधी एखादं वाक्य पावसापाण्याचं बोला. तिकडे त्याला तोटा नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत पीटरसन आणि बार्नी यांनी पुरुष, बायका, मुलं मिळून ७६ जणांकडून दहा स्वर म्हणवून घेतले आणि मोजून आलेखावर मांडले. एकाचा एक स्वर दुसऱ्याच्या भलत्याच स्वराच्या जागी येऊन पडत होता, तरी ऐकणारे बहुतेक वेळा बरोबर ओळखत होते. समोरच्या माणसाचा गळा कसा आहे हे कान चटकन अजमावतो आणि त्याप्रमाणे स्वर लावून घेतो. आजोबांच्या कानाला तेवढी उसंत द्या.

तुमच्या कानालाही सवय लागायला हवी, आणि ती मला बोलण्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. कोणी तुम्हाला 'गुड लुक' म्हणालं तर लाजू नका, शुभेच्छा देताहेत. तिकडे नशीब आणि पाहणं या दोन शब्दांचा उच्चार एकच. 'नर्स', 'फर्स्ट', 'वर्क' यांत र ऐकू येणार नाही. त्या जागी एक लांब स्वर येईल आणि तो नवीन वाटेल, पण तो तुम्ही रोज म्हणता: 'झालं', 'कसं', 'सोपं' यांच्या शेवटी जो 'अं' आहे ना, ज्याला लिहिताना अनुस्वार देतो पण नाकात म्हणत नाही, तो जरासा ताणा. तोच. मराठीच्या पदरात हा स्वर आहे आणि उच्चारवर्गवाल्यांना त्याचा पत्ता नाही, म्हणून ते त्यावर तीन तास घालवतात. आगगाडीने तासाभरावर, पूर्वेला हल नावाचं बंदर आहे. तिथली माणसं फोनला 'फंऽन' म्हणतात, असाच काहीसा स्वर लावून. तुम्ही हसला नाहीत तर चहा पाजतील.

जाऊबाईंचं काय करायचं? त्यांना इतकंच विचारा की कोणतं अमेरिकन. त्यांच्याच टेक्साससह दक्षिणेत अनेक लोक न-म-च्या आधी इ आणि ए यांच्यात फरक करत नाहीत. पेन आणि टाचणी दोन्ही 'पिन'. म्हणून तिकडे पेन मागताना 'इंक पेन' म्हणायची रीत पडली, म्हणजे तुम्हाला मी आत्ता जो उपाय सांगितला तोच. शिवाय 'टाइम'मधला चांगला जोडस्वर तिथे सपाट होऊन 'टाऽम' होतो. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला 'डाउनटाउन'चं 'डाऽनटाऽन' होतं. शिकागो, डेट्रॉइट, बफलो या तळ्यांकाठच्या शहरांत तर विसाव्या शतकात साध्या स्वरांची अख्खी रांगच गोल फिरली: ॲ वर चढला, ऑ त्याच्या रिकाम्या जागेकडे निघाला, पेनचा ए मागे, 'पन'च्या दिशेने ढळला. विल्यम लबॉव यांनी या सरकण्याचा माग आयुष्यभर काढला. म्हणजे जाऊबाई टेक्सासऐवजी शिकागोला असत्या तर तुम्हाला दुसराच अमेरिकन शिकायला सांगत्या.

न्यूझीलंडचं ऐकून तर त्या गप्पच बसतील. तिकडे ॲ-ने ए-ला ढकललं, ए-ने इ-ला ढकललं. पेन आपल्या कानाला 'पिन' वाटतं आणि खरी पिन बिचारी 'पन' होऊन मध्ये लटकते. 'फिश अँड चिप्स'चं 'फश अँड चप्स' होतं आणि शेजारचे ऑस्ट्रेलियन त्यावर पोट धरून हसतात, स्वतः मात्र 'फीश अँड चीप्स' म्हणतात. हे होत कसं गेलं तेही ऐकता येतं: १९४६ ते १९४८ या काळात तिथल्या रेडिओची गाडी ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन गावोगाव फिरली आणि म्हाताऱ्या वसाहतकऱ्यांच्या आठवणी मुद्रित केल्या. काहींचा जन्म १८५० च्या दशकातला. पुढे कँटरबरी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या तबकड्या ऐकल्या, आणि एका देशाचा उच्चार बाळसं धरताना ऐकू आला. त्या म्हाताऱ्यांपैकी कोणी कोणाला विचारलं नव्हतं, खरा उच्चार कोणता.

आता लेक.

'बुस' सुधारायचं का? नाही. आणि खरं सांगायचं तर सुधारण्यासारखं त्यात काही नाही. कप, लव, मम, लक या शब्दांत सगळ्या इंग्लंडचा स्वर आधी 'उ'च होता. सतराव्या शतकात दक्षिणेत त्यातल्या बऱ्याच शब्दांचा 'अ'च्या दिशेने प्रवास सुरू झाला आणि 'पुट', 'फुल'सारखे काही मागे राहिले. उत्तरेने तो बदल घेतलाच नाही. म्हणजे जुनं घर तिचं आहे, आणि त्यातून बाहेर पडलेल्यांकडून तुम्ही भाडेपावती विकत घेताय.

तिला शिकवणारे तुम्ही नाही, वर्गवाले नाहीत, टीव्ही तर नाहीच. मुलं स्वर उचलतात ते बरोबरीच्या मुलांकडून, मैदानावर. तुमच्या सांगण्याने ती 'बस' म्हणायला लागली तर तुमच्यापुरतं म्हणेल आणि फाटकाच्या आत गेल्यावर 'बुस'. ते दुहेरी कामही तिला जड जाणार नाही, पण कशाला? दुसऱ्या बाजूने, तिने सांगितलं म्हणून तुम्हीही 'बुस' म्हणायला जाऊ नका. चाळिशीकडे निघालेल्या आईने पोरांची बोली बोलणं लीड्समध्येही विचित्रच दिसत असणार. तुमचा 'कप' लीड्सला नीट कळतो. लंडनचा कळतो तसाच.

फाटकापाशी हात ओढते त्याचा मी फार अर्थ काढणार नाही. कदाचित लाजत असेल. कदाचित भूक लागली असेल आणि तुमच्या गप्पा लांबल्या असतील. माझ्या मुलाचं निम्म्या वेळा तेच असायचं. एकदा सरळ विचारा, पण मराठीत आणि घरी, कोणी नसताना. लाज असेल तर तिला गुडघ्याचा किस्सा सांगा. तुम्ही स्वतःवर हसू शकता हे तिला कळलं की फाटकावरची धास्ती कमी होईल. आणि पेन-पॅनच्या मधला स्वर तिच्याकडूनच तपासून घ्या. वर्गाला देत होतात त्या पैशांत तिला आइसक्रीम द्या, गुरुदक्षिणा तीच. ती तुमची मास्तरीण झाली की हात ओढण्याऐवजी धरून नेईल अशी मला आशा आहे.

आणखी एक गोष्ट बघा, पण तिला न सांगता. 'बुस' म्हणणाऱ्या पोरीच्या तोंडात 'अ' नाहीच असं तुम्ही धरून चाललात. घरी ती मराठी बोलते ना? मग तिला 'घर' म्हणता येतं, 'मन' म्हणता येतं, सोफ्यावर जागा करून देताना 'इथे बस' म्हणता येतं. तो स्वर तिच्यापाशी पहिल्यापासून आहे. इंग्रजीत ती तो लावत नाही, कारण तिच्या मैत्रिणी लावत नाहीत. या शनिवारी दोघी गावात जाल तेव्हा वरच्या मजल्यावर पुढची जागा तिला धरू द्या आणि कान देऊन ऐका. "आई, या बुसमध्ये ना, तू इथे बस."